शब्दांचे मालक, पहिली ब

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्ये खडूचे बुटके तुकडे जमतात ना, तसे ते जमतात. फेकवत नाहीत आणि लिहायलाही पुरत नाहीत, म्हणून पडून राहतात. मग एक दिवस ड्रॉवर उघडेनासा होतो आणि सगळा ऐवज टेबलावर ओतावा लागतो. आज मी तो ओतते आहे.

ड्रॉवर चंदीगडचा. माझे यजमान तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात संशोधनाच्या कामावर होते आणि मी एका छोट्या प्रायमरी शाळेत गणित शिकवायचे. पंजाबचे ते वाईट दिवस. शहर तसं शिस्तीचं, रुंद रस्त्यांचं, पण चौकाचौकात वाळूची पोती रचलेली आणि त्यांच्यामागे बंदूक घेतलेला जवान. माझ्या अभिला 'कर्फ्यू' हा शब्द 'पिकनिक'च्या आधी समजला, यावरून काय ते ओळखा.

त्याच शाळेत पहिली 'ब'ला इंग्रजी शिकवायला होत्या सुलभाताई. अमरावतीच्या, यजमान एअर फोर्समध्ये. बाई ठेंगणी, आवाज ठणठणीत आणि डोकं कोणाचं ऐकून न घेणारं. आम्ही शाळेत दोघीच मराठी, त्यामुळे डबा एकत्र आणि भांडणंही एकत्र. आयुष्यात बरीच हुशार माणसं पाहिली, घरातच एक आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला शब्दाचा अर्थ कसा द्यावा, यातली सुलभाताईंसारखी हुशारी मी पुन्हा पाहिली नाही.

आता आमच्या शाळेत एक गंमत होती. प्रिन्सिपलच्या ऑफिसबाहेर कधीकधी पहिलीची चिमुरडी मुलं गपचूप रांग लावून उभी असायची. शिक्षा झालेली नाही, कोणी बोलावलेलं नाही, तरी उभी. नव्याने आलेली प्रत्येक टीचर विचारायची, "ये लोग यहाँ क्यों खड़े हैं?" आणि आम्ही जुन्या टीचर एकमेकींकडे बघून हसायचो. ते का, हे सांगते. पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर मजा नाही.

*

आमच्या प्रिन्सिपल मिसेस सोढी. उंच, ताठ, कडक इस्त्रीचा सलवार-कमीज, आणि हसणं फक्त अॅन्युअल डेला. त्यांच्या पायांना सूज यायची, म्हणून ऑफिसात टेबलाखाली बूट काढून बसायच्या. पण कोणी आलं, की बोलण्याआधी बूट पायात चढवायच्या. बिनबुटाची प्रिन्सिपल शाळेत कोणी पाहिलेली नव्हती.

मुलांनी रीडरच्या मागच्या पानावरचे मीनिंग्ज पाठ करावेत, हा त्यांचा नियम. सुलभाताई पहिल्याच आठवड्यात ते पुस्तक घेऊन ऑफिसात गेल्या. मी सोबत होते, कारण मला मजा बघायची होती.

"मॅडम, यहाँ लिखा है, ह्यूज म्हणजे... मतलब एनॉर्मस," त्या म्हणाल्या. हिंदी बोलताना त्यांचं मराठी मधेमधे डोकावायचं. "जिस बच्चे को ह्यूज नहीं आता, उसको एनॉर्मस कहाँ से आएगा?"

सोढी मॅडम म्हणाल्या की, पाठ होईल, पुढे मोठा झाला की समजेल. बाहेर आल्यावर सुलभाताई मला म्हणाल्या, "जेवायला बसवायचं आणि ताटात कच्चे तांदूळ वाढायचे. वर सांगायचं, पुढे शिजतील. काहून शिजतील पोटात?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात रीडरचं मागचं पान सगळ्यांना मुडपून ठेवायला लावलं आणि जाहीर केलं की आजपासून अर्थ तुम्ही सांगायचा. हिंदीत सांगा, पंजाबीत सांगा, हातवारे करून सांगा. ज्याने सांगितलेला अर्थ सगळ्या वर्गाला एका दमात पटेल, तो त्या शब्दाचा मालक. पुढे वर्षभर तो शब्द कोणाला अडला, तर टीचरकडे यायचं नाही. मालकाकडे जायचं!

*

मग काय, पहिली 'ब'मध्ये शब्दांची नुसती लूट झाली.

'ह्यूज' मिळाला एका एअर फोर्सवाल्याच्या मुलीला. तिचा अर्थ, "जो फोटो में पूरा न आए." 'हेवी'चा मालक आमच्या खालच्या मजल्यावरचा रोहित: "जिसे उठाने के लिए मम्मी पापा को बुलाए." 'नेबर' कोणाचा होता ते विसरले, पण अर्थ विसरणं शक्य नाही: "जिनके घर फोन है." आमच्या ब्लॉकमध्ये एकाच घरी फोन होता, तिथे ट्रंककॉलची वाट बघत काढलेल्या सगळ्या दुपारी मला आठवल्या.

काही अर्थ ऐकून हसू यायचं आणि मग हसू अर्ध्यात थांबायचं. 'क्वाएट'चा मालक माझा अभि. त्याने सांगितलं, "जब घर में न्यूज़ लगती है." संध्याकाळी रेडिओ लावला की आम्ही दोघं खरंच श्वास धरून बसायचो. पोरगं तिथेच खेळत असायचं. ते बघतंय, हे आमच्या गावीही नव्हतं.

आणि 'ब्रेव्ह'? एका बारक्या मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "मेरी मम्मी. कर्फ्यू खुलते ही दूध लेने जाती है." मागच्या पानावर 'करेजस' लिहिलं होतं. सुलभाताई त्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन डबा न उघडताच बसून राहिल्या.

*

मालकीचा त्रास पालकांना सुरू झाला, हेही सांगायला हवं.

आमच्याकडे पुण्याहून यजमानांचे मामा आले होते. रिटायर्ड हेडमास्तर, त्यामुळे लहान मूल दिसलं की परीक्षा घेतल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. अभिला समोर उभं करून विचारलं, "बाळ, गेस्ट म्हणजे काय?"

अभिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतच. म्हणाला, "मैं नहीं बता सकता. वो मॉन्टी का है."

मामांना वाटलं पोराला येत नाही. त्यांनी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर अभिने हातच आडवा केला आणि म्हणाला की, तुम्हीही नाही सांगू शकत, तो तुमचाही नाही. मी कानकोंडी झाले. मामा मात्र खरे मास्तर. म्हणाले, चल, दाखव कुठे राहतो तुझा मालक. आणि निघाले की त्याचं बोट धरून!

मॉन्टी म्हणजे मनमीत, पलीकडच्या गल्लीत राहणारा सरदारांचा मुलगा. त्याचा अर्थ होता, "जिसके लिए बिस्कुट निकलते हैं." तेवढंच ऐकून परत यायचं होतं. तास झाला, दीड तास झाला, दोघांचा पत्ता नाही. दिवस असे, की मी तीनदा गच्चीवर जाऊन आले. शेवटी मामा डुलतडुलत आले. बिस्किटं निघाली होती, मग पराठे निघाले होते, त्यावर लोणी, शेवटी हातभर उंच ग्लासातून लस्सी. मॉन्टीच्या आजीने निघताना डोक्यावरून हातही फिरवला होता.

मामा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं गं. हा शब्द आज समजला."

रात्री ते जेवले नाहीत.

*

सुलभाताई वस्तू दाखवून शब्द शिकवायच्या, म्हणून त्यांच्याकडे एक खाकी पिशवी असायची. त्यात डाव, एकच मोजा, अर्धा नारळ, लोकरीचा गुंडा, काय वाट्टेल ते. एकदा सेक्टर सतराच्या बसस्टॉपवर आम्ही उभ्या होतो. त्या समोरच्या दुकानात दोरा घ्यायला गेल्या आणि पिशवी बाकावर राहिली. मी दुसरीकडे बघत होते, ती राहिल्याचं मला कळलंच नाही.

तेव्हा बेवारस वस्तूला हात लावू नका, अशा सूचना जिथेतिथे लावलेल्या. कोणीतरी बाकाकडे बोट केलं आणि क्षणात स्टॉप रिकामा झाला. एक हवलदार धावत आला. त्याने कान देऊन ऐकलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, कारण पिशवी टिकटिक करत होती. त्याने सगळ्यांना हात करून लांब सरकवलं.

तेवढ्यात सुलभाताई दुकानातून आल्या. त्यांना वाटलं बस आली, म्हणून गर्दी हलली. त्या सरळ चालत बाकाशी गेल्या आणि पिशवी उचलली. हवलदार ओरडला, त्या थबकल्या. मग प्रकार लक्षात आला तशा त्या शांतपणे एकेक वस्तू काढून बाकावर मांडू लागल्या. मी टीचर आहे, हा डाव, हा मोजा, मुलांना दाखवायला नेते. शेवटी निघालं गजराचं घड्याळ.

हवलदाराने जवळ येऊन दरडावून विचारलं, हे कशाला? सुलभाताई म्हणाल्या, 'लाउड' शिकवायला. हवलदाराला समजलं नाही. आता कोणाला अर्थ समजला नाही, की या बाईंना राहवतं थोडंच? त्यांनी चावी फिरवली आणि गजर वाजवून दाखवला!

सगळी गर्दी जमिनीवर आडवी. मीसुद्धा. एक सरदारजी सायकलसकट.

गजर थांबला. बाकाखालून हवलदाराचा आवाज आला, "समझ गए जी. लाउड समझ गए."

*

एअर फोर्सची मुलं वर्गात बरीच, आणि त्यांच्या वडिलांची बदली कधीही व्हायची. 'ह्यूज'वाल्या मुलीची बदली आली तेव्हा ती रडायलाच लागली. शाळा सुटते म्हणून रडत असेल असं आम्हाला वाटलं. तिने डोळे पुसून सुलभाताईंना विचारलं, "मैम, मेरे वर्ड्स का क्या होगा?"

यावर वर्गाने स्वतःच बसून कायदा केला. जाणाऱ्याने आपले शब्द दुसऱ्याच्या हाती द्यायचे. देताना हातावर हात ठेवून अर्थ सांगायचा. घेणाऱ्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर पुन्हा. आणि टीचरला शब्द घेता येणार नाही, काढून दुसऱ्याला देताही येणार नाही. हे शेवटचं कलम मॉन्टीचं. तो पुढे वकील झाला, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

त्या मुलीच्या नावावर शब्द पुष्कळ, आणि निघायच्या आदल्या दिवशी शाळा सुटेपर्यंत वाटून संपले नाहीत. तिचे वडील स्क्वाड्रन लीडर. ते न्यायला आले, तर मुलगी म्हणाली, काम बाकी आहे. मला वाटलं आता हे भडकणार. ते मात्र टोपी काढून मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. आमच्याकडेही चार्ज हँडओव्हर केल्याशिवाय कोणी पोस्ट सोडत नाही, म्हणाले. आणि शेवटचा शब्द पोचता होईपर्यंत बसून राहिले.

सोढी मॅडम दारातून हे बघत होत्या. नंतर त्यांनी सुलभाताईंना सुनावलं की, शाळा आहे ही, तमाशा नाही. रीडरचं मागचं पान वर्षाअखेरीस तरी मुलांच्या तोंडी दिसलं पाहिजे.

*

सोढी मॅडमचं वर्णन ऐकून तुमचं मत वाईट झालं असेल, तर हा किस्सा ऐका.

एकदा भरदुपारी कर्फ्यू लागल्याची बातमी आली. पालक मिळेल त्या वाहनाने धावत आले. टीचरनाही घरी जायला सांगितलं. मी अभिला घेऊन निघाले तेव्हा फाटकाजवळच्या लाकडी स्टुलावर मॅडम बसल्या होत्या. खांद्याला पर्स, पायात बूट आणि सुजलेले पाय त्या बुटांतून वर आलेले. शेजारी पहिली 'ब'मधली गुरलीन, दप्तर पाठीला लावून उभी.

गुरलीन गावाकडची. आई-वडील, आजोबा तिकडे, आणि गावात भरवसा नाही म्हणून हिला शिकायला शहरात काकांकडे ठेवलेली. काका कामावर कुठेतरी अडकलेले. मॅडमचा मुलगा त्यांना न्यायला स्कूटर घेऊन आला, तर त्यांनी त्याला परत पाठवलं. मग पोलिसांची जीप आली. मॅडम, घरी जा, मुलीला आम्ही पोचवतो, असं ते सांगत होते. मॅडमनी नुसती नकाराची मान हलवली. चौकीदाराने नंतर सांगितलं, दिवे लागेपर्यंत दोघी तशाच होत्या. काका आले, पोरगी गेली, मग मॅडम उठल्या.

शाळा उघडल्यावर वर्गात 'वेट' हा शब्द निघाला, वजनाचा नव्हे, वाट बघण्याचा. बऱ्याच जणांनी बरंच काही सांगून पाहिलं, कोणाचं पटेना. कधी तोंड न उघडणारी गुरलीन उभी राहिली.

"जूते पहन लिए," ती म्हणाली, "पर जाना नहीं है अभी."

वर्ग एका दमात हो म्हणाला. 'वेट' तिच्या नावावर झाला.

*

थंडी संपत आली असताना गुरलीन शाळेत यायची बंद झाली. एक दिवस गेला, आठवडा गेला. सुलभाताई आणि मी काकांच्या घरी गेलो, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, गाव चले गए. गावात काय झालं ते तिने सांगितलं नाही. त्या दिवसांत असं विचारायची पद्धत नव्हती. आपणच समजून मान खाली घालायची आणि परत यायचं.

गुरलीनचे शब्द मात्र तसेच राहिले. न सोपवता गेलेली ती पहिलीच.

आणि नेमके शिक्षण खात्याचे एक साहेब शाळा बघायला आले. पहिली 'ब'त शिरले, दोन-तीन शब्द विचारले, मुलांनी आपापल्या मालकीप्रमाणे खणखणीत उत्तरं दिली. साहेब खूश. मग त्यांनी विचारलं, "वेट?"

वर्ग चिडीचूप. त्यांनी पुन्हा विचारलं. एकेकाला उभं केलं. सगळे छताकडे बघायला लागले. सोढी मॅडमचा चेहरा तांबडा होत चाललेला. शेवटी मॉन्टी उठला.

"सर, वो गुरलीन का है. वो गाँव गई है."

साहेब म्हणाले, मग तू सांग. मॉन्टी म्हणाला, "आता है सर. पर उसने दिया नहीं."

साहेबांनी काहीतरी खरडलं आणि चहा न घेता गेले. मॅडमनी सुलभाताईंना बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं. वार्षिक परीक्षेत हा शब्द मी स्वतः घालणार. वर्गाने लिहिला तर ठीक. नाही लिहिला, तर हा मालकीचा खेळ बंद, मुलं मागचं पान पाठ करतील, आणि पुढच्या वर्षी पहिलीचा वर्ग दुसऱ्या टीचरकडे जाईल.

मी सुलभाताईंना समजावून समजावून थकले. म्हटलं, अहो, एक शब्द तर आहे. मॉन्टीला देऊन टाका, पोरगी काही परत येत नाही आता. तुमचा वर्ग जाईल.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "मी कशी देऊ, वीणा? माझा आहे का तो?" आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "आज आपण तिचा शब्द वाटून टाकला, तर पोरांना काय समजेल? गेलं माणूस की त्याचं सामान वाटून घ्यायचं? बाहेर सगळीकडे तेच तर चालून राहिलं नं."

मीही माझा डबा बंद केला. मला गप्प करणं सोपं नाही, हे माझ्या यजमानांना विचारा.

परीक्षा झाली. सगळ्या वर्गाने सगळा पेपर सोडवला आणि 'वेट'च्या पुढची जागा कोरी ठेवली. आमच्या चिरंजीवांनीसुद्धा. घरी मी त्याच्यावर आवाज चढवला, की सुलभामावशीचा वर्ग जाईल, कळतं का तुला? त्याचे डोळे भरले, पण म्हणाला, "पर आई, वो आएगी तो क्या बोलेंगे?"

*

वर्षाचा शेवटचा दिवस. रिझल्ट वाटून झाले होते. सोढी मॅडम पहिली 'ब'त आल्या, हातात रीडर. मला सुलभाताईंनी सोबत म्हणून उभं केलं होतं. मॅडम टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि मुलांना सांगायला लागल्या, की पुढच्या वर्षीपासून शाळेत एकच पद्धत राहील. सुलभाताई खिडकीतून बाहेर बघत होत्या, हाताची घडी घट्ट घालून.

दारात चौकीदार आला. त्याच्यामागे एक उंच, पांढऱ्या दाढीचे म्हातारे सरदारजी, धुळीने भरलेले. हातात भलीमोठी कापडी पिशवी. चौकीदार म्हणाला, "मैंने देख लिया जी. थैला खाली है."

त्यांच्या मागून गुरलीन पुढे आली. केस कोणीतरी घाईने बांधलेले. बारीक झाली होती.

आजोबांनी सगळ्यांना हात जोडले. म्हणाले, "बीबी जी, असीं तां बस बदलनी सी. कुड़ी ज़िद कर बैठी. कहंदी, स्कूल विच मेरा सामान रह गया." गाव सोडून ते उत्तर प्रदेशात गुरलीनच्या आत्याकडे निघाले होते. सेक्टर सतराच्या स्टँडवर बस बदलायची, तेवढ्या वेळात पोरीने रिक्षा करायला लावली. शाळेत काय, किती राहिलंय कोणास ठाऊक, म्हणून त्यांनी मोठी पिशवी आणली होती.

सुलभाताई पुढे आल्या. गुरलीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर्गाला म्हणाल्या, "चलो, रास्ता दो."

गुरलीन बाकांमधून चालायला लागली. 'लॅडर' तिने रोहितच्या हातावर ठेवला. अर्थ सांगितला, त्याने परत म्हटला. 'शेअर' एका मुलीला दिला. 'स्लो' अभिला. मॉन्टीने कधीचा हात पुढे करून ठेवला होता, कारण राहिला होता एकच. ती त्याच्यापाशी थांबली, त्याच्याकडे बघितलं आणि पुढे गेली. सुलभाताईंवरूनही पुढे गेली. आणि सोढी मॅडमसमोर जाऊन तिने हात पुढे केला.

मॉन्टी उसळलाच. "टीचर को नहीं मिलता! रूल है."

गुरलीनने मागे वळून सांगितलं, "ये टीचर थोड़ी हैं. प्रिंसिपल मैम हैं."

मॉन्टीने विचार केला. कलमात प्रिन्सिपल नव्हती. तो खाली बसला.

मॅडमनी हातातलं रीडर टेबलावर ठेवलं आणि हात पुढे केला. त्यावर आपला हात ठेवून गुरलीन म्हणाली, "वेट. जूते पहन लिए, पर जाना नहीं है अभी."

मॅडमनी घसा साफ केला. "वेट," त्या म्हणाल्या, "मीन्स टू स्टे..."

"नहीं मैम," सगळा वर्ग ओरडला. "वही बोलना है."

मॅडम थांबल्या. त्यांनी खाली, आपल्या पायांकडे पाहिलं. मग त्या कडक बाईंचा आवाज मी पहिल्यांदा इतका हळू ऐकला.

"जूते पहन लिए," त्या म्हणाल्या. "पर जाना नहीं है अभी."

पुढे 'वेट' अडला की पहिलीची मुलं मॅडमच्या ऑफिसबाहेर रांग लावायची, ती याचसाठी. गुरलीनने हात काढून घेतला आणि ती दाराकडे गेली. आजोबांना बसची घाई होती. त्यांनी पिशवीचं तोंड उघडून धरत विचारलं, "मिल गया सामान?"

"दे दित्ता," ती म्हणाली.

आजोबांनी एकदा वर्गाकडे बघितलं, पिशवीची घडी घातली आणि काखेत धरली.